पावसात गाडी मिसिंग मारते. प्लग-कॉइल घरी बदलू का?

प्रश्न असा आहे: २०१५ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेली. प्लग शेवटचे कधी बदलले ते आठवत नाही. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस पडले आणि गोव्यात फोंड्याजवळचा फर्मागुडीचा चढ चढताना गाडी हिसके द्यायला लागली (यालाच मिसिंग म्हणतात), इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. सपाटीला आली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. गॅरेजवाल्याने चारही प्लग (सिलिंडरात ठिणगी पाडणारे) आणि चारही कॉइल (प्लगला वीज पुरवणाऱ्या) बदलायला सांगितल्या आहेत. हे काम घरी, अंगणात होईल का?

होईल. पाना धरायची सवय असेल तर पहिल्या खेपेला दीड-दोन तास, पुढच्या खेपेला पाऊण तास. पण चार कॉइल घ्यायला लगेच दुकानात धावू नका. चारही गेल्या असत्या तर गाडी फर्मागुडीपर्यंत पोचलीच नसती. एखादी गेली असेल, कदाचित तीही नसेल. प्लग मात्र चारही नवे घ्या, तिथे काटकसर नको. मी सत्तावीस वर्षे फोंड्याला गॅरेज चालवतो आणि या दुखण्यात लोकांचे पैसे मजुरीपेक्षा नको ते विकत घेण्यात जास्त गेलेले पाहिले आहेत. (असे सांगून मी माझ्याच पोटावर पाय आणतो आहे, असे घरचे म्हणतात.)

आधी त्या दिव्याचे. पिवळा दिवा नुसता पेटून राहिला तर सवडीने दाखवा. लुकलुकला तर त्याचा अर्थ वेगळा: एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या वाटेने चालले आहे. ते पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी तापून वितळते. कॉइल परवडली, कन्व्हर्टर नाही परवडत. म्हणून दिवा लुकलुकताना दिसला की ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करा, चढावर खालचा गियर घ्या आणि गाडी हळूहळू घरी आणा. त्या अवस्थेत चोर्ला घाट चढून बेळगावला लग्नाला जायचे धाडस करू नका. गेल्या वर्षी एकाने केले. लग्न लागले, पण गाडी टो करून आली.

आता चढावरच का? हे समजले की निम्मे निदान घरबसल्या होते. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एकात जाड तारेचे थोडे वेढे, दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. पहिल्यातून बॅटरीचे १२ व्होल्ट वाहतात आणि इंजिनचा कॉम्प्युटर ऐन क्षणी ते तोडतो. तोडल्याबरोबर चुंबकक्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात २५ ते ४० हजार व्होल्टपर्यंतचा दाब तयार होऊ शकतो. हा दाब प्लगच्या टोकाशी असलेल्या मिलिमीटरभर फटीतून उडी मारतो, तीच ठिणगी. गाडी उभी असताना सिलिंडरात हवा कमी, दाब कमी, त्यामुळे ठिणगीला उडी सोपी जाते. चढावर तुम्ही पाय दाबता, सिलिंडर हवेने गच्च भरतो, आणि त्या दाटीतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. प्लगचे टोक झिजून फट वाढलेली असेल तर आणखीच जास्त. विजेला काय, ती सोपी वाट बघते. बूटाचे, म्हणजे कॉइलच्या प्लगवर बसणाऱ्या टोकाचे, रबर चिरले असेल, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर ओल किंवा मीठ बसले असेल, तर ठिणगी सिलिंडरात न पडता बाहेरच्या बाहेर इंजिनच्या लोखंडात निसटते. त्या वेळी तो सिलिंडर मेला.

यातून कळेल की जुना प्लग हा कॉइलचाही वैरी आहे. फट वाढली की कॉइलला प्रत्येक ठिणगीला जास्त ताण, आणि एक दिवस तिचे आतले इन्सुलेशन फुटते. नवी कॉइल जुन्या प्लगवर बसवणे म्हणजे नवीन बैल जुन्या मोडक्या नांगराला जुंपणे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे लवकर घडते, कारण गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. तुमची गाडी नंतर सीएनजी केलेली असेल तर प्लग पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच बदला.

तर दोषी सिलिंडर शोधायचा. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचा. पी ०३०१ ते पी ०३०४ यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० आला तर दोष एका सिलिंडरपुरता नाही, पेट्रोलचा दाब, हवेची गळती, सगळेच जुने प्लग असे काहीही असू शकते. पी ०३५१ ते पी ०३५४ आले तर कॉइलच्या विजेच्या जोडणीतच काहीतरी तुटले आहे. एक नंबर कुठला ते गाडीच्या पुस्तकात बघा. आडव्या बसवलेल्या इंजिनात बहुधा बेल्टच्या बाजूचा.

समजा पी ०३०३ आला. मग पैसे न खर्चता करायची परीक्षा आहे. तीनची कॉइल काढून दोनवर लावा, दोनची तीनवर. कोड पुसा. तोच चढ, तोच गियर, जमल्यास तसाच पाऊस. आता पी ०३०२ आला तर दुखणे कॉइलबरोबर गेले. एक कॉइल आणा, काम संपले. पी ०३०३ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही तीनच आला तर प्लग आणि कॉइल दोघांनाही सोडून द्या, दोष इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), वायर किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरातल्या हवेच्या दाबात) आहे. मल्टिमीटरने कॉइलचे ओहम मोजायची युक्ती ऐकली असेल. दोन पिनांच्या जुन्या कॉइलला ती थोडीफार चालते. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तिथे मीटर काहीही सांगत नाही. आणि ज्या कॉइलला तापल्यावर किंवा ओलीत चीर पडते ती टेबलावर कोरडी मोजली तर उत्तम पास होते.

एक जुनी खोड मात्र सोडा. मारुती ८००च्या काळात आम्ही चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर उपसून बघायचो, कुठली उपसल्यावर आवाज बदलत नाही ते. झटके खात खात शिकलो. आताच्या कॉइलवर ते करू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइल स्वतःच्या आत वाट फोडते, किंवा तुमच्या हातातून.

आता गोव्याच्या पावसाचे, कारण इतर ठिकाणचे सल्ले वाचून इथले निम्मे दोष सापडत नाहीत. तीन वर्षांमागे कवळ्याच्या एका मास्तरांची गाडी आली, अगदी तुमच्यासारखी तक्रार. मी दोन नंबरची कॉइल बदलली, गाडी सुतासारखी सरळ. पंधरा दिवसांनी परत, तीच कॉइल. मी दुकानदाराला शिव्या घातल्या आणि पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मास्तर काही बोलले नाहीत, नुसते बाकावर बसून राहिले; ते जास्त लागले. मग मी पाना खाली ठेवला, बोनेट उघडले, आणि तांब्याभर पाणी पुढच्या काचेवर ओतून नुसता बघत उभा राहिलो. काचेखाली वायपर असतात ती प्लॅस्टिकची पन्हळ आहे ना, तिचे पाणी दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जायला हवे. गेले नाही. पन्हळ भरली, मधल्या जोडातून ओघळ आला, आणि टप्... टप्... बरोबर दोन नंबरच्या कॉइलच्या डोक्यावर. पन्हळीत हात घातला तर ओंजळभर कुजलेली बकुळीची फुले निघाली, आमच्याकडे ओवळ म्हणतात ती. गाडी रोज त्याच झाडाखाली. भोके साफ केली, जोडाचे रबर नीट बसवले, त्यानंतर आजतागायत ती कॉइल आहे. दुसऱ्या कॉइलचे पैसे मी परत दिले.

म्हणून तुम्ही प्लग उघडण्याआधी हा तांब्याचा प्रयोग करा. फुकट आहे. आंबा, फणस, बकूळ, कशाखाली गाडी उभी असेल तर आधी पन्हळ बघा. पुरुमेंताचे मीठ-मिरची, सुके बांगडे मेमध्ये भरून ठेवतो तसे हे कामही मेमध्येच उरकायचे असते, पण ते कोणी करत नाही, मीही माझ्या गाडीचे करत नाही. दुसरे, चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) गाडी धुवायला देतात तेव्हा इंजिनवर प्रेशरचा पाइप मारू देऊ नका. ते पाणी प्लगच्या नळीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकाच्या तळाशी बसतो त्यात, उतरते आणि वरून कॉइलचे बूच असल्याने दिवसेंदिवस सुकत नाही. तिसरे, मिरामार, कळंगूट, कोलवा अशा किनाऱ्याच्या गाड्यांत कपलरच्या (कॉइलला वायर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोकाच्या) पितळी पिनांवर हिरवी बुरशीसारखी कीट चढते. कॉइल चांगली, प्लग चांगले, आणि करंट मधेच अडतो. कपलर काढून पिना बघा; काँटॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना दातांचा ब्रश एवढ्यावर बऱ्याचदा काम भागते.

खरेदी. प्लगचा नंबर पुस्तकात असतो किंवा जुन्या प्लगवर कोरलेला असतो, तो अक्षर न् अक्षर जुळवा. उदाहरणार्थ एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या: बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा आकडा, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि ११ म्हणजे फट १.१ मिलिमीटर. यातला उष्णतेचा आकडा गोंधळात टाकतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा; बॉशमध्ये उलटे, आकडा मोठा तितका गरम. ‘एनजीकेचा ६ नाही, बॉशचा ६ देतो, सेमच आहे’ असे काउंटरवरचा पोरगा म्हणाला तर हसून बाहेर पडा. आट्यांची लांबीही चुकवू नका. लांब प्लग बसला तर पिस्टन येऊन त्याला ठोकू शकतो. इरिडियम (टोकाला त्या धातूची बारीक सुई असलेला प्लग) घ्यावा का? कंपनीने इरिडियम दिला असेल तर तोच घ्या, लाखभर किलोमीटर चालतो. साधा निकेल दिला असेल तर साधाच घेऊन वेळेवर बदललात तरी गाडीला काही कमी पडत नाही. पिकअप वाढतो वगैरे जे सांगतात ते नव्या प्लगचे सुख असते, इरिडियमचे नव्हे. बनावट प्लग बाजारात भरपूर आहेत. अधिकृत काउंटरवरून पक्के बिल घेऊन घ्या. कॉइल बदलायची ठरली तर कंपनीची किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नावाची घ्या. ऑनलाइन चार कॉइलचा संच एकाच्या भावात मिळतो, तो एका पावसाळ्याचा पाहुणा.

हत्यारे थोडीच: १०चा सॉकेट (काही गाड्यांत ८चा), प्लगचा सॉकेट १६चा (काही नव्या इंजिनांना १४चा, पातळ भिंतीचा लागतो), आत रबर किंवा चुंबक असलेला; लांब एक्स्टेंशन, रॅचेट, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), शक्य असेल तर टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना). आणि अर्धा फूट रबरी पेट्रोल पाइप. त्याचे काम पुढे येते.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. रात्री गाडी उभी करा, सकाळी पोदेर पाव टाकून गेला की बोनेट उघडा. हे मी एवढे का सांगतो त्याची गोष्ट आहे. एकोणीस वर्षांचा होतो, मडगावात एका गॅरेजात शिकाऊ. टॅक्सी आली, ड्रायव्हरला विमानतळाचे भाडे होते, घाई. इंजिनवर हात ठेववत नव्हता. मी प्लगला पाना लावला आणि जोर दिला. प्लग सुटला, पण सोबत चांदीसारखी चकचकीत तारेची गुंडाळी घेऊन बाहेर आला. ते हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे, ॲल्युमिनियमचे आटे होते. गरम ॲल्युमिनियम मऊ असते, पोलादी प्लगला ते धरून बसते. हेड उतरवावे लागले, हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) घालावी लागली, आणि माझा सहा महिन्यांचा पगार पात्रांवाने (मालकाने) कापून घेतला. चूक माझीच होती. ती गुंडाळी मी अजून एका डबीत ठेवली आहे, नव्या पोरांना दाखवायला.

इग्निशन बंद, चावी खिशात. वरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढा. कपलर काढताना वायर ओढू नका, जिभली दाबून कपलरचे अंग धरा. काहींना लाल किंवा करडी सरकती खीळ असते, ती आधी मागे घ्यावी लागते. दहा वर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहिलेले ते प्लॅस्टिक पापडासारखे असते. जिभली तुटली की कपलर हादऱ्याने सैल होतो आणि मग नवी कॉइलही मिसिंग मारते. कॉइलचा बोल्ट काढा, कॉइल डावी-उजवी थोडी फिरवा म्हणजे बूट प्लगपासून सुटेल, मग सरळ वर ओढा. चिकटली असेल तर जोर नको, फिरवत राहा. चारही कॉइल काढलेल्या क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडा आणि आकडे लिहा.

आता प्लग सोडवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येक नळीत बघा. कचरा, वाळू असेल तर आधी हवेने उडवा. हवा नसेल तर व्हॅक्यूम क्लीनरला बारीक पाइप जोडून ओढा, आणि हवा मारताना चष्मा लावा. प्लग काढल्यावर ती वाळू सरळ सिलिंडरात पडते. डिचोली, उसगावकडच्या गाड्यांत खाणीची तांबडी धूळ नळीच्या तळाशी थर धरून असते, तिथे तर हे टाळूच नका. नळीत पाणी दिसले तर चिंधीने टिपून घ्या आणि ते कुठून आले याचा तांब्याने शोध घ्या. तेल दिसले तर टॅपेट कव्हरखालचे (इंजिनच्या वरच्या झाकणाखालचे) नळीचे सील गेले आहे. तेल कॉइलच्या रबराला फुगवते, त्यामुळे सील न बदलता नवी कॉइल घालणे म्हणजे पुन्हा तेच.

प्लग सोडवताना पहिला कट्ट आवाज येईल, मग सहज फिरला पाहिजे. मध्येच घट्ट व्हायला लागला तर थांबा, थोडे आत फिरवा, पेनिट्रेटिंग तेलाचे दोन थेंब सोडा, पंधरा मिनिटे चहा प्या, मग थोडे बाहेर, थोडे आत असे करत आणा. एका वेळी एकच प्लग काढा आणि नवा बसवा, म्हणजे भोके उघडी राहत नाहीत.

जुना प्लग फेकू नका, वाचा. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर सिलिंडर सुखी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे तेल आत येते आहे. पांढरा फटक आणि फोड आलेला असेल तर सिलिंडर जास्त तापतो आहे, तो प्लग मला किंवा कुणा जाणत्याला दाखवा. आता चिनी मातीचा वरचा भाग बघा. षटकोनाच्या लगेच वर तपकिरी कडे दिसेल. ते बघून पुष्कळ मेकॅनिक सांगतात की प्लगमधून कॉम्प्रेशन लीक होते. होत नाही. जास्त दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, तो डाग निरुपद्रवी आहे. बघायची ती दुसरी खूण: वरून खाली उतरणारी पेन्सिलीने मारावी तशी काळी उभी रेघ. ती ठिणगी बाहेरून पळाल्याची वाट. अशी रेघ प्लगवर असेल तर त्याच कॉइलच्या बूटाच्या आत टॉर्च मारा, तिथेही तिची जोडीदार सापडेल. मग प्लग आणि बूट दोन्ही बदला. एक ठेवला तर तो दुसऱ्याला बिघडवतो. बूट सुटा मिळत असेल तर सगळी कॉइल घ्यायची गरज नाही.

नव्या प्लगची फट फीलर गेजने तपासा, खोक्यावर ‘सेट केलेली’ लिहिले असले तरी. निकेलचे बाहेरचे टोक हलकेच वाकवून फट जुळवता येते. इरिडियमच्या मधल्या सुईला काही लागू देऊ नका, ती मोडते. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. चिनी मातीची आतली चीर डोळ्यांना दिसत नाही, फर्मागुडीच्या चढावर दिसते.

आता रबरी पाइप. त्याचे एक टोक प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि प्लग नळीत सोडून पाइप बोटांनी फिरवा. आधी उलटा, डावीकडे. एक बारीकसा टिक् जाणवेल, आट्याचे तोंड आट्याच्या तोंडातून खाली पडल्याचा. तिथून उजवीकडे वळवा. आटे नीट लागले असतील तर लोण्यात सुरी जावी तसा जातो. तिरपा लागला असेल तर पाइप प्लगवर नुसता घसरतो, आटे कापायची ताकद त्याच्यात नसते. रॅचेटमध्ये ती असते, आणि रॅचेट तुम्हाला सांगत नाही. म्हणून प्लग टेकेपर्यंत रॅचेटला हात लावायचा नाही.

टेकल्यावर घट्ट किती? पुस्तकातला टॉर्क पहिला. तो नसेल तर १४ मिलिमीटरच्या वॉशरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये एनजीके साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर सांगते, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०. पुष्कळ गाड्यांचे पुस्तक त्याहून कमी सांगते, तेव्हा पुस्तकाचेच ऐका. टॉर्क रेंच नसेल तर नवा वॉशरचा प्लग बोटांनी टेकल्यानंतर अर्धा फेरा, वॉशर दबल्याचे हाताला कळते. काढून परत बसवलेल्या जुन्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला घड्याळाचा एक तास भरेल एवढेच, म्हणजे बाराचा काटा एकवर. वॉशर नसलेला, उतरत्या बैठकीचा प्लग असेल तर त्याहून किंचित कमी. आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावू नका. चांगल्या प्लगला मुलामा असतोच, आणि ग्रीस लावल्यावर तोच टॉर्क जास्त ओढतो. आमच्या पिढीने वर्षानुवर्षे लावले आणि कित्येक आटे त्यामुळेच ताणले गेले.

डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारे) मात्र पावसाळ्यात कामाचे. बूटाच्या तोंडाच्या आतल्या कडेला मोहरीएवढे, बोटाने पातळ पसरून. ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही. आतल्या स्प्रिंगला चोपडू नका. कॉइल सरळ दाबा, प्लगच्या टोकाला बसल्याचे जाणवेल. बोल्ट छोटा आहे, मनगटाच्या जोराने पुरे. कपलर टक् वाजेपर्यंत.

कुठे हात घालू नये तेही सांगतो. २००३ ते २००८च्या पुष्कळ होंडा सिटी गाड्यांत आय-डीएसआय इंजिन असते, चार सिलिंडरांना आठ प्लग. पुढचे चार हसतखेळत निघतात, मागच्या चारांपाशी हात पोचत नाही. ज्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा संच) उतरवल्याशिवाय प्लग दिसत नाहीत त्याही गॅरेजला द्या. आणि डिझेल असेल तर हे सगळे वाचायची गरजच नव्हती, त्यात स्पार्क प्लग नसतात.

सेल्फ मारा. पहिल्या फिरकीला इंजिन पेटले पाहिजे. बोनेट उघडे ठेवून दोन मिनिटे आवाज ऐका: भुस्स, फट् असे काही येते का. आले तर एखादी कॉइल पुरती बसलेली नाही किंवा कपलर अर्धवट आहे, नव्वद टक्के वेळा एवढेच असते. मग कोड पुसा आणि गाडी घेऊन फोंड्याहून फर्मागुडीला या, तिसऱ्या गियरमध्ये, पाय दाबून, शक्यतो पाऊस चालू असताना. दिवा शांत राहिला तर जुन्या चांगल्या कॉइलपैकी कुठली बदलली असेल ती आणि जुन्या प्लगांतला त्यातल्या त्यात बरा एक, प्लगच्या पान्यासकट डिकीत ठेवून द्या. पुन्हा लुकलुकला तर चारही जुने प्लग क्रमाने आकडे लिहून कागदात गुंडाळा आणि गाडीबरोबर गॅरेजला न्या. कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर तपासणारा माणूस आधी तेच मागेल.